खात्री नसलेल्यांचं तारण

विदर्भात ख्रिस्ती घरात जन्मलेल्या माणसाला "तुझं तारण झालंय याची तुला खात्री आहे का?" असं विचारा. तारण म्हणजे पापातून सुटका आणि देवाजवळ कायमचं जीवन. तो काय उत्तर देईल हे बरंचसं त्याच्या जिल्ह्यावरून ठरतं. नागपूरकडे स्कॉटलंडचे मिशनरी आले. स्टीफन हिस्लॉप आला १८४५ मध्ये. त्यांच्या विश्वासनाम्यात लिहिलेलं आहे, की देवानं ज्याला आपलं म्हटलं तो शेवटपर्यंत टिकतोच. अकोला-अमरावती-खामगावकडे अलायन्स मिशन, तिथं हे मानणारी आणि न मानणारी माणसं एकाच सतरंजीवर बसतात. वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन आणि आमच्या यवतमाळात फ्री मेथडिस्ट. हे दोघंही जॉन वेस्लीच्या, म्हणजे अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या, वळणाचे. आज माझं तारण झालेलं आहे हे माणसाला कळू शकतं, पण उद्या त्यानं पाठच फिरवली तर तो ते गमावूही शकतो, असं आमच्याकडे शिकवतात. कॅथलिक लोक म्हणतात, भरवसा ठेवा, आशा धरा, पण देवानं खास प्रकट केल्याशिवाय "मी शेवटपर्यंत टिकणारच" असं छातीठोक सांगू नका. ट्रेन्टच्या धर्मसभेनं हे १५४७ मध्ये लिहूनच ठेवलं.

एवढी सगळी उत्तरं नागपूरपासून बुलढाण्यापर्यंतच्या पट्ट्यात नांदतात. सोयरिकी होतात तेव्हा सुनेबरोबर नवं उत्तर घरात येतं. आमच्या घरातच तीन आहेत.

मी शेती करते. घाटंजी तालुक्यात आमचं शेत आहे, बरंचसं कोरडवाहू, थोडं विहिरीखालचं. मंडळीच्या महिला संघाचं काम बघते. धर्मशास्त्र कॉलेजात शिकलेली नाही, पण या प्रश्नाच्या सावलीत वाढले. माझे बाबा यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. ही सेमिनरी १९५३ पासून यवतमाळात होती, १९८३ मध्ये पुण्याला गेली. देशभरातून, निरनिराळ्या मंडळ्यांतून पोरं शिकायला यायची आणि ताटावर बसली की वाद घालायची. बाबा वाढता वाढता ऐकायचे. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, जेवढं कळेल तेवढं. रात्री घरी येऊन आईला सांगायचे, "आज पुन्हा तेच निघालं. एक म्हणते, एकदा तारण झालं का कायमचं झालं. दुसरा म्हणते, माणूस पडू शकते." आई विचारायची, "मंग ठरलं काय?" बाबा म्हणायचे, "ठरत नाई. उद्या पुन्हा बसतीन."

लहानपणी मला वाटायचं, मोठी शिकलेली माणसं आहेत, एक दिवस ठरवतील. सेमिनरी पुण्याला गेली तरी ठरलं नव्हतं.

आज हे लिहायला बसले ते मोठ्या मायसाठी. मोठी माय म्हणजे बाबांची थोरली वहिनी. ऐंशीच्या पुढची. उमरीच्या मिशन दवाखान्यात तिनं आयाचं काम केलं. बाळंतिणींची लुगडी धुतली, रात्ररात्र जागली, ज्यांच्याजवळ कुणी नव्हतं त्यांच्या उशाशी बसली. तिला वाचता येत नाही, पण स्तोत्रं तोंडपाठ आहेत. उपकारस्तुतीच्या उपासनेला पहिल्या वेच्याचा कापूस पदरात बांधून आणते. शेजारच्या घरात भांडण झालं की दोन्ही घरी जाऊन बसते.

वेचणी आटोपत आली की आमच्याकडे कन्व्हेन्शन असतं. मांडव पडतो, बाहेरगावचा वक्ता येतो, रात्री संदेश होतात. यंदाही झालं. शेवटच्या रात्री वक्त्यानं विचारलं, "आज रात्री तुमचा जीव गेला तर कुठे जाल? ज्यांना शंभर टक्के खात्री आहे त्यांनी हात वर करा." पोरंसोरं, बायाबापे, सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. शेजारी मोठी माय होती. तिनं हात मांडीवरच ठेवला.

सकाळी चहाच्या वेळी कुणीतरी हे वक्त्याच्या कानावर घातलं. तरुण माणूस होता, वाईट नव्हता, त्याला कळकळ होती. तो मुद्दाम तिच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आजी, खात्री नाही म्हणजे तारण नाही. आजच ठरवा."

मोठी माय म्हणाली, "म्या काय ठरवू बाबू? मले कुठं ठेवाचं ते त्याचं काम हाय. मी आपली त्याच्या दारात बसली हाव."

तो म्हणाला, हे पुरेसं नाही.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला मोठी माय पुढं आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. बाकावर बसून राहिली, भाकर-द्राक्षारस वाटून होईपर्यंत खाली बघत. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्या साहेबानं सांगतलं ना, माहं झालं नाई म्हून. मंग कशी घेऊ?"

हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही. एका प्रामाणिक प्रश्नानं एका बाईच्या हातातली भाकर काढून घेतली. ती सत्तर वर्षं ज्याच्या नावानं जगली, त्याच्याच मेजावरून तिला उठवलं गेलं.

म्हणून मी वाचायला लागले. बाबांची जुनी पुस्तकं, पाळकसाहेबांकडची, भावाच्या पोरानं मोबाईलवर काढून दिलेली. आणि एक गोष्ट मला स्वच्छ दिसली, ती इथं मांडते. तारण होणं ही एक गोष्ट आहे आणि तारण झालंय हे आपल्याला माहीत असणं ही दुसरी. दोन्ही देवाकडूनच येतात. पण एकाच वेळी, एकाच मापात, प्रत्येकाला येतात असं पवित्र शास्त्र कुठंही म्हणत नाही.

लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार घ्या. मंदिरात दूर उभा राहतो, वर बघायचीही त्याची छाती होत नाही, ऊर बडवून म्हणतो, हे देवा, मज पाप्यावर दया कर. प्रभू सांगतो, हा नीतिमान ठरून आपल्या घरी गेला. आता मला सांगा, हे त्या जकातदाराला कळलं होतं का? गोष्टीत तसं काही नाही. कळलं होतं ते गोष्ट सांगणाऱ्याला. त्या मंदिरात त्या दिवशी खात्री असलेला एकच माणूस होता, आणि तो परूशी होता, धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला.

मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू न्यायाच्या दिवसाबद्दल बोलतो, त्यातल्या दोन जागा बघा. सातव्या अध्यायात काही जण येतात आणि हिशेब मांडतात: प्रभू, आम्ही तुझ्या नावानं संदेश दिले, भुतं काढली, चमत्कार केले. तो म्हणतो, मला तुमची ओळख नाही. पंचविसाव्या अध्यायात उजव्या हाताची माणसं आहेत. त्यांना तो म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं. आणि ती गोंधळून विचारतात, प्रभू, तू भुकेला असताना आम्ही तुला कधी पाहिलं? दोन्हीकडची माणसं चकित होतात. मोठी माय बाळंतिणीच्या उशाशी बसली त्या रात्रींचा हिशेब तिला विचारा, ती म्हणेल, कोणत्या रात्री?

पण इथंच थांबले असते तर मी अर्धंच सांगितलं असतं. कारण ज्यात हे जकातदाराचं लिहिलंय त्याच शास्त्रात योहानाचं पहिलं पत्र आहे, आणि ते पत्र कशासाठी लिहिलं ते पाचव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात उघड सांगितलंय: जे विश्वास ठेवतात त्यांना आपल्याला सार्वकालिक जीवन आहे हे समजावं म्हणून. वाटावं म्हणून नाही, समजावं म्हणून. पौल रोमकरांस लिहितो, की आपण देवाची लेकरं आहोत अशी आत्मा स्वतः आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू मेंढरांबद्दल म्हणतो, माझ्या हातातून त्यांना कुणी हिसकावून घेणार नाही. म्हणजे देवाची इच्छा लेकरांनी धाकात जगावं अशी नाही. खात्री हवी, ती मागावी, ती मिळते. ज्यांना "खात्री बाळगणं म्हणजे उद्धटपणा" असं वाटतं त्यांच्याशी माझं जमत नाही. बापानं दिलेला शब्द खरा मानण्यात उद्धटपणा कसला?

हे दोन्ही एकत्र कसं बसतं? आमच्या खेड्यात हे समजायला अवघड नाही. सातबाऱ्यावर नाव चढलेलं असणं वेगळं आणि उतारा हातात असणं वेगळं. कितीतरी बायांच्या नावावर बापानं किंवा नवऱ्यानं जमीन करून ठेवलेली असते, त्यांना पत्ताच नसतो, एखाद्या दिवशी तलाठ्याकडे गेल्यावर कळतं. उतारा नव्हता म्हणून जमीन त्यांची नव्हती असं कुणी म्हणत नाही. आणि उतारा काढून आणणं वाईट आहे असंही कुणी म्हणत नाही, तो असला की माणूस निर्धास्त झोपतो. प्रभूनं सत्तर शिष्यांना सांगितलं तेही असंच आहे: भुतं तुमच्या अधीन होतात म्हणून हर्ष करू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत म्हणून करा. नाव लिहिणारा तो. आपण फक्त वाचणारे.

आमच्या वक्त्याला जॉन वेस्लीचा फार आधार वाटत होता. संदेशात त्यानं २४ मे १७३८ ची गोष्ट सांगितली. लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या सभेत कुणीतरी ल्यूथरनं रोमकरांच्या पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं, पावणेनऊच्या सुमारास वेस्लीच्या हृदयात ऊब दाटली आणि ख्रिस्तानं माझी, माझीच पापं दूर केली अशी खात्री त्याला लाभली. गोष्ट खरी आहे आणि मला ती लहानपणापासून प्रिय आहे. पण वक्त्यानं पुढचं सांगितलं नाही. पुढच्याच जानेवारीत, १७३९ मध्ये, वेस्लीनं आपल्या रोजनिशीत लिहिलं, की मी अजून ख्रिस्ती नाही. १७६६ मध्ये, हजारो लोकांना संदेश देऊन झाल्यावर, भावाला खाजगी पत्रात लिहिलं, की माझं देवावर प्रेम नाही, कधी नव्हतंच. आणि १७६८ मध्ये एका पत्रात त्यानं स्पष्ट केलं, की देवानं आपल्याला स्वीकारलंय ही जाणीव नीतिमान ठरवणाऱ्या विश्वासाला आवश्यकच आहे असं मी कित्येक वर्षांपासून मानत नाही. ज्या माणसाच्या नावानं आम्ही मेथडिस्ट "तारण झाल्याची तारीख सांगा" म्हणतो, त्यानंच म्हातारपणी तारखेची अट काढून टाकली होती.

स्कॉटलंडवाल्यांचंही तेच. त्यांचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा १६४६ चा. त्याच्या अठराव्या अध्यायात खात्रीबद्दल लिहिलंय, आणि लिहिणारे या बाबतीत सगळ्यांत ठाम लोक. तेही म्हणतात, खरा विश्वासणारा माणूस ही खात्री मिळेपर्यंत पुष्कळ काळ वाट बघू शकतो, अनेक अडचणींशी झुंजू शकतो, मिळाल्यावर ती डळमळूही शकते. मग मोठ्या मायला कोणत्या आधारानं सांगितलं, की तुझं झालं नाही?

मराठी मंडळीला परक्यांचे दाखले कशाला हवेत असं कुणी म्हणेल, तर आपल्याच दोघांची आठवण काढते. ना. वा. टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं जात होते. डब्यात एका गोऱ्या माणसाशी बोलणं निघालं, त्यानं नवा करार हातात ठेवला. मुंबईत बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला. मधला काळ त्यांनी वाचण्यात, झगडण्यात, लपवण्यात आणि अखेर घर मोडण्यात काढला. त्यातल्या कोणत्या रात्री ते "तारले" गेले? आपण सांगू शकत नाही. लक्ष्मीबाईंना तर त्याहून पाच वर्षं जास्त लागली, आणि त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी, नवऱ्याच्या मागून फरपटत नाही.

पंडिता रमाबाईंचं जरा अवघड आहे, आणि ते टाळून जाणं बरोबर नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढं आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलं, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. कन्व्हेन्शनमध्ये हे वाक्य हमखास येतं. रमाबाईंचा शब्द मी खोडणार नाही, आपल्या मनाचं त्यांना माहीत. पण मधल्याच काळात, १८८९ मध्ये, त्यांनी शारदा सदन काढलं. टाकलेल्या, केस काढलेल्या पोरींना घर दिलं. ते करताना देवाचा हात त्यांच्यावर नव्हता असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यांना हात दिसला नव्हता इतकंच.

आणि मोठ्या मायच्या उत्तराबद्दल. "मले कुठं ठेवाचं ते त्याचं काम हाय." हे अडाणी बाईचं बिचकतं उत्तर आहे असं त्या वक्त्याला वाटलं. १४३१ मध्ये फ्रान्समधल्या रुआं शहरात जोन ऑफ आर्क नावाच्या एकोणीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोरीला धर्मपंडितांनी विचारलं होतं, तू देवाच्या कृपेत आहेस हे तुला माहीत आहे का? सापळा होता. हो म्हणावं तर गर्व, नाही म्हणावं तर स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल. तिलाही लिहिता-वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, मी नसेन तर देवानं मला कृपेत आणावं, असेन तर त्यानं मला तिथंच ठेवावं. विचारणारे गप्प झाले. हे मी मोठ्या मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी शहाणी व्हती. काय झालं तिचं?" मी सांगितलं, जिवंत जाळलं तिला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिणं सोपं नाही.

आमच्या जिल्ह्याचं नाव कशामुळं पेपरात येतं हे सगळ्यांना माहीत आहे. ख्रिस्ती घरं त्यातून सुटलेली नाहीत. बोंडअळी आणि सावकार कुणाच्या दारावरची खूण बघून येत नाहीत. आमच्या नात्यातल्या एका विश्वासणाऱ्या माणसानं आपला जीव घेतला. कर्ज होतं, आणि त्याहून जास्त म्हणजे कित्येक महिने तो झोपलाच नव्हता, बोलत नव्हता, हे आता सगळे सांगतात. पुरलं त्या दिवशी एका जाणत्या माणसानं कबरीपाशीच सांगितलं, की शेवटचं पाप पश्चात्तापाविना राहिलं म्हणजे तारण गेलं. त्याची बायको तिथं उभी होती, लेकराचा हात धरून. महिनाभरानं ती माझ्याकडे आली. "ताई, त्याईचं तारण गेलं काय वो?"

मी तिला जे म्हणाले ते इथंही म्हणते. शेवटच्या क्षणी प्रत्येक पापाचा पश्चात्ताप झालेला असावा लागतो हे खरं मानलं, तर झोपेत गेलेला कुणी वाचत नाही, वीज पडून गेलेला वाचत नाही, बेशुद्धीत गेलेला वाचत नाही. मग तारण कृपेनं नाही, वेळ साधण्यानं होतं. पौल रोमकरांच्या आठव्या अध्यायात यादी देतो: मरण, जीवन, आताच्या गोष्टी, पुढच्या गोष्टी, उंची, खोली, कोणतीही सृष्ट वस्तू. यातलं काहीही आपल्याला ख्रिस्त येशूतल्या देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही. मरण त्या यादीत पहिलंच आहे. आणि आजारलेलं मन सृष्ट वस्तूच नाही का? विल्यम कूपर नावाचा इंग्रज कवी होता. रक्तानं भरलेल्या झऱ्याचं जे गीत जगभरच्या मंडळ्या गातात ते त्याचं. त्याच्या मनाला असा आजार होता, की त्यानं अनेकदा जीव द्यायचा प्रयत्न केला. १७७३ मध्ये एक स्वप्न पडलं आणि आपण कायमचे टाकले गेलो अशी त्याची समजूत झाली, ती १८०० मध्ये मरेपर्यंत गेली नाही. त्याची खात्री उलट दिशेची होती, आणि पक्की होती. पण ती खात्री खोटी होती असं त्याचं गीत गाणारी प्रत्येक मंडळी मानते, नाहीतर ते गीत गाणार कशी? माणसाच्या मनाला जे पक्कं वाटतं त्यावर देव बांधलेला नाही. योहान लिहितो, आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, आणि तो सगळं जाणतो. कॅथलिकांच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही सरळ लिहिलंय, की ज्यांनी आपला जीव घेतला त्यांच्या तारणाची आशा सोडू नये.

"मंग ते तिथं हायेत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ते ज्याच्या हातात होते त्याच्याच हातात आहेत. याहून जास्त मला माहीत नाही, पण यापेक्षा कमीही मी मानणार नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला रात्र रात्र झोप येत नसेल, सगळं संपलं असं वाटत असेल, तर कृपा करून आजच कुणालातरी सांगा. घरच्यांना, पाळकाला, दवाखान्यात डॉक्टरला. देवाची प्रीती सुटत नाही हे जितकं खरं, तितकंच तुमचं असणं तुमच्या घराला लागतं हेही खरं. आमच्या गावात असाल तर आमचं दार ठोठवा, कितीही रात्र असो.

आमच्या बांधाला लागून ज्यांचं शेत आहे ते घर वारकरी. वेचणीच्या दिवसांत त्या घरच्या वहिनींनी मला विचारलं, "तुमच्यात मोक्षाची ग्यारंटी असते म्हणे? मंग आमचं काय?" मी म्हटलं, वहिनी, मला माझ्याबद्दल सांगितलंय, तुमच्याबद्दल निकाल द्यायचं काम मला दिलेलं नाही. मला ज्यानं धरलं त्याच्याबद्दल मी तुम्हाला हवं तेव्हा, हवं तेवढं सांगेन. माझी खात्री खरी असेल तर तिच्यामुळं शेजारणीकडे वरून बघावंसं वाटूच नये. वाटलं, तर ती परूशाची खात्री समजावी. टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगितलं होतं. वहिनी हरिपाठ म्हणतात तेव्हा मला त्या पुलाची आठवण येते.

माझ्या स्वतःच्या खात्रीबद्दलही लिहायला हवं, कारण मी तर हात वर केला होता. माझ्याकडे तारीख नाही. तान्ही असताना बाप्तिस्मा झाला, प्रार्थना कधी सुरू केली ते आठवत नाही. पण एका हिवाळ्यात नवरा आजारी होता, लाईन रात्रीचीच मिळायची, आणि हरभऱ्याला पाणी द्यायला मी एकटी शेतात जायचे. मोटर सुरू करून धुऱ्यावर बसले की बाबांनी पाठ करून घेतलेला रोमकरांचा तोच आठवा अध्याय म्हणायचे, भीती जावी म्हणून. अशाच एका रात्री लक्षात आलं, की मी आता भीतीसाठी म्हणत नाहीये. ज्याच्याबद्दल म्हणतेय तो माझा आहे आणि मी त्याची. वेगळं काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. पाणी सरीतून पुढं गेलं, मी उठून दुसरं बारं फोडलं. तेव्हापासून शंका आल्या नाहीत असं नाही, पण त्या मला मुळापासून हलवू शकल्या नाहीत. ही खात्री मी कमावली नाही. म्हणूनच ज्यांना ती अजून मिळालेली नाही त्यांना जाब विचारण्याचा अधिकार मला नाही.

पाळकसाहेबांशी मी हे सगळं बोलले. ते भले माणूस आहेत. स्वतः मोठ्या मायकडे गेले, तिच्याजवळ खाली बसून लूकचा अठरावा अध्याय वाचला, आणि म्हणाले, "माय, मेज आमचं नाही, त्याचं आहे. ज्यांना त्याची गरज आहे त्यांच्यासाठीच मांडलंय." पुढच्या प्रभुभोजनाला ती पुढं आली. मी तिच्या मागंच होते. तिनं दोन्ही हात पुढं केले.

महिला संघात आम्ही आता योहानाचं पहिलं पत्र सुरू केलंय. पाच अध्यायांचं पत्र आहे, दर बुधवारी थोडं थोडं. निंदणाचे दिवस असल्यामुळं बाया थकून येतात, काही बसल्या बसल्या पेंगतात, तरी येतात. तिसऱ्या अध्यायात एक जागा आहे: आपण भावांवर प्रीती करतो म्हणून आपण मरणातून जीवनात आलो आहोत हे आपल्याला कळतं. ते वाचल्यावर ती विधवा बाई म्हणाली, "मंग ते तर दर पोळ्याले आपला बैल न सजवता आधी शेजारच्याचा सजवत जाय. त्याचा बैल मेला तेव्हापासून स्वतःचा एक त्याले वापराले देल्ला व्हता." तिनं स्वतःहून काढलेला हा पुरावा मी वहीत लिहून ठेवला आहे.

कन्व्हेन्शनच्या समितीला मी पत्र दिलंय. वक्त्यानं काय विचारावं हे मी ठरवणार नाही, प्रश्न विचारायला हरकतही नाही, कधीकधी माणूस त्यानंच जागा होतो. पण ज्यांचे हात खाली राहतात त्यांच्याजवळ बसायला दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ ठेवा, आणि बसणारी माणसं आपल्या मंडळीतली, त्यांना आयुष्यभर ओळखणारी असू द्या, एवढं मागितलंय. दोघांनी पाठिंबा दिला, एकानं विचारलं की याला शास्त्रात आधार काय. समितीची बैठक पोळ्यानंतर आहे. आधार मी घेऊन जाणार आहे.